इमलाचं उत्तर

नवऱ्याला ठाऊक नाही. बहिणीलाही नाही, आणि तिला तर वाटतं की माझ्या पोटात काही राहतच नाही. विहारात दर रविवारी पंचशील घेताना चौथ्या शीलाशी, म्हणजे खोटं न बोलण्याच्या शीलाशी, माझा आवाज खाली जातो, तेवढंच. शेजारी बसणाऱ्या बाईंना वाटतं मला खोकला आहे. एकदा त्यांनी मला अडुळशाचा पालाही आणून दिला होता. मी तो घेतला, थँक्यू म्हटलं, आणि घरी येऊन उकळून प्याले. खोकला नसताना.

ओळखीच्या माणसाला हे सांगता येत नाही. तो लगेच समजूत घालायला बसतो — अहो मॅडम, तुम्ही चांगल्यासाठीच केलं असेल ना! ते मला ऐकायचं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं. ऐका फक्त.

मी कुडव्याला राहते, गोंदियाला लागूनच. विद्यापीठाची एक संस्था आहे दिव्यांगांसाठी, तिचं इथं केंद्र आहे, त्यात अठरा वर्षं काम करते. लोक विचारतात, विद्यापीठाचं इथं काय काम? तर असं — विद्यापीठातले शिक्षक आणि शिकणारी मुलं महिन्यातून काही दिवस येतात, बाकीचे दिवस आम्ही असतो. ज्याला बसता येत नाही त्याच्या मापाची खुर्ची करायची, आणि ती सालेकशाच्या सुताराला शिकवून त्याच्याकडूनच करून घ्यायची, म्हणजे मोडली तर गावातच दुरुस्त होते. ज्याला बोलता येत नाही त्याची बोलायची काही रीत शोधायची. आणि फक्त त्याला नाही, त्याच्या टोल्याला, सगळ्या वस्तीला शिकवायचं. आशाताई, अंगणवाडीवाली, किराणावाला, शेजारीण. आमचे सर म्हणतात, माणूस एकटा अपंग नसतो, गावाला त्याच्याशी बोलता येत नाही म्हणून गावही तेवढंच अपंग असतं. सर चांगले आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ऐकताना तुम्हाला कुणावर तरी राग येईल आणि तो त्यांच्यावर जायला नको.

माझं काम बोलायची रीत शोधण्याचं. मला ते येतं. बढाई नाही मारत — खरंच येतं. जो माणूस तोंडानं एक अक्षर काढत नाही, त्याचंही काहीतरी हलतं. पायाचा अंगठा, भुवई, श्वास. तुम्ही फक्त थांबायला पाहिजे. आपल्याला थांबता येत नाही, हीच तर गोम आहे. मी थांबत होते. मला त्याचा गर्व होता.

इमला दरेकशाच्या पलीकडच्या एका टोल्यावरची. गोंड घर. बाप लहानपणीच गेलेला, एक भाऊ हैदराबादकडे मजुरीला, घरात ती आणि तिची माय, भागरताबाई. मी पहिल्यांदा गेले तेव्हा इमला चोवीस वर्षांची होती आणि छपरीत गोधडीवर पडलेली होती. सेरेब्रल पाल्सी. हातपाय आपल्या मनानं वळतात, मान धरत नाही, बोलणं नाही. चोवीस वर्षं मायनं तिला न्हाऊ घातलं, भरवलं, उचललं. कोणत्या आवाजाचा अर्थ पाणी, कोणत्याचा अर्थ कूस बदल, हे मायला कळायचं. पण "तुला काय वाटतं" असं तिला कुणी विचारलेलं नव्हतं. विचारणार तरी कसं?

महिन्यातून दोनदा मी स्कूटीनं जायची. आमगाव, सालेकसा, मग जंगलाचा घाट. सात महिने लागले. आधी खुर्ची झाली. मग तिच्या समोर बसून नुसतं पाहत राहायचं. हळूहळू दिसलं की हात तिचे नाहीत, मान तिची नाही, पण डोळे तिचेच आहेत. हो म्हणायचं असेल तर ती छपराच्या फाट्याकडे, वरच्या लाकडाकडे बघायची आणि नजर तिथं धरून ठेवायची. नाही म्हणायचं तर डोळे गच्च मिटायची. मी हे शिकवलं नाही तिला. ते तिचं तिनंच काढलं होतं, मी फक्त ओळखलं.

ज्या दिवशी पक्कं झालं त्या दिवशी टोल्यावरच्या बाया अंगणात जमल्या. एकीनं विचारलं, "इमले, तुह्या मायनं आज भाजीत मीठ जास्त टाकलं का वं?" इमलानं फाट्याकडे पाहिलं. असं हसू उठलं की कोंबड्या पळाल्या! भागरताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडत होत्या. मग रोजचाच खेळ झाला तो. पाणी भरायला जाताना बाया थांबायच्या, तिला काहीबाही विचारायच्या. कचारगडच्या जत्रेचे लोक रस्त्यानं जायचे तेव्हा तिची खुर्ची दारात ठेवायची, हे तिनं स्वतः सांगितलेलं. माणसात आली पोरगी, असं टोल्यात म्हणायचे. मी म्हणायची, पोरगी होतीच माणसात, तुम्ही आत्ता आलात. बघा, मी किती शहाणी होते!

आता एक नियम सांगायला हवा. तो आमच्या केंद्राचा नियम आहे, सरांनी घालून दिलेला. मोठा प्रश्न असेल तर तो एकदा विचारून भागत नाही. सरळ विचारायचा आणि मग उलटा विचारायचा. तुला जायचंय का? — आणि मग, तुला इथंच राहायचंय का? कारण काही माणसांना सगळ्यालाच हो म्हणायची सवय असते. दोन्ही उत्तरं जुळली तरच ते उत्तर. नाही जुळली तर फॉर्मवर 'अस्पष्ट' लिहायचं आणि पुन्हा कधीतरी यायचं. आणि विचारताना बसायचं कसं, तेही ठरलेलं. विचारणारा समोर. मागे एक जण उभा, तो दोन्ही तळव्यांत डोकं धरतो, कारण मान गळाली तर डोळे कुठं बघताहेत ते कळत नाही. इमलाच्या बाबतीत डोकं धरणारी तिची माय.

म्हणजे तिचे डोळे मायला दिसत नसत. समोर बसलेल्याला दिसत.

अजूनही मी कडेकडेनंच चालले आहे, नाही का? येते. थोडं थांबा.

केंद्रानं कुडव्याला एक निवास काढायचं ठरवलं होतं. ज्यांचं घरी करणारं कुणी राहिलं नाही, किंवा करणारे थकले, अशा मोठ्या माणसांसाठी. सहा जणांची जागा. सहा जण मिळाले तर मंजुरी, नाहीतर तो प्रस्ताव मागे जाणार होता. पाच झाले होते. आणि निवासाची प्रमुख मी होणार होते. अठरापैकी चौदा वर्षं तेव्हा झाली होती, चौदा वर्षं स्कूटीवर. गुडघे कुरकुरत होते, पाठ धरायची. निवास घरापासून पायी पाच मिनिटांवर. खरं सांगू? मला ती खुर्ची हवी होती. टेबल, पंखा, दारावर पाटी. गरिबाघरच्या, शिकून वर आलेल्या बाईला पाटीचं काय वाटतं ते तुम्हाला कळेल किंवा नाही कळणार. कळलं तरी त्यानं काही सुटत नाही.

भागरताबाईंची पाठ तेव्हा गेलीच होती. इमलाला उचलताना त्या ओठ चावायच्या. आपल्यानंतर हिचं कसं, हा प्रश्न त्यांना खात होता, तो तर अशा सगळ्याच मायांना खातो. मी त्यांना निवासाबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "मॅडम, इमला हो म्हनन तं पाठवीन. नाही म्हनन तं नाही. माही पाठ मोडली तरी नाही. तुमी तिले इचारा."

चोवीस वर्षं जिला कुणी काही विचारलं नव्हतं, तिच्या उत्तरावर त्या माउलीनं सगळं ठेवलं. आणि ते उत्तर आणायला मला बसवलं.

सर स्वतः आले त्या दिवशी. धानाच्या रोवणीचे दिवस होते, टोल्यावर माणूस नाही, सगळ्या बाया शेतात, बांधीत. एरवी त्या अंगणात असायच्याच. त्या असत्या तर हे झालंच नसतं, कारण त्यांनाही तिचे डोळे वाचता यायचे. पण त्या नव्हत्या, आणि सर बाजूच्या खाटेवर फॉर्म मांडीवर घेऊन बसले. तिथून त्यांना इमलाचा गाल दिसत असेल फार तर. मागे भागरताबाई, डोकं धरून. समोर मी.

मी विचारलं — इमला, तुला कुडव्याला निवासात राहायला जायचंय का?

तिनं डोळे गच्च मिटले.

मी उलटं विचारलं. नियमानं विचारलं, बघा! — तुला इथं घरीच, मायजवळ राहायचंय का?

तिनं छपराकडे पाहिलं. नजर धरली. मी मनात मोजत होते, सवयीनं. दहापर्यंत गेले तरी तिची नजर हलली नाही. इतकं स्वच्छ उत्तर तिनं आजवर कधी दिलं नव्हतं. बहुतेक मुद्दाम दिलं असणार, मला चुकायला जागा राहू नये म्हणून.

सरांनी पेन उचललं. "काय म्हणते?"

मी म्हटलं, "जायला हो, सर. राहायला नाही."

एवढंच. चार-पाच शब्द. मागून भागरताबाईंचा आवाज आला, "पक्कं म्हनते का, मॅडम?" मी म्हटलं, "पक्कं." इमलाचं सगळं अंग ताठ झालं आणि घशातून एक आवाज निघाला. सर म्हणाले, आनंद झालेला दिसतोय तिला. मी हसले. तिच्या डोळ्यांकडे तेव्हा मी पाहिलं नाही. फॉर्मकडे पाहिलं, सही कुठं करायची ते.

तुम्हाला वाटेल, क्षणाची चूक. माणूस आहे, होतं. मलाही तसंच सांगता आलं असतं. पण तिला न्यायला मध्ये पंधरा दिवस होते हो! पंधरा दिवस! त्यात एकदा भागरताबाईंचा फोन आला, शेजारणीच्या मोबाइलवरून. म्हणाल्या, "मॅडम, हे डोरे गच्च मिटून राहिली. जेवतानी मिटते, मी जवर गेली का मिटते. काऊन असं करून राहिली?" त्यांना कळत होतं. त्या मला वाट करून देत होत्या, अगदी दार उघडून उभ्या होत्या. आणि मी काय सांगितलं? की नवीन जागेची भीती असते, डोळ्यांचे स्नायू आखडतात, आता तिला पुन्हा पुन्हा विचारू नका, तिचा गोंधळ होतो. स्नायू! असं शास्त्रातलं काहीतरी मी ठोकून दिलं, आणि त्या गरीब बाईनं मानलं. विद्यापीठाची मॅडम सांगते म्हटल्यावर का नाही मानणार? तिनं पोरीला विचारायचं सोडून दिलं.

म्हणजे इमलानं आधी मला सांगितलं, मग मायला पंधरा दिवस सांगितलं, आणि कुणीच ऐकलं नाही.

निवासात पहिले आठ-दहा दिवस ती डोळे मिटूनच असायची. काळजी घेणाऱ्या ताईंना वाटायचं, झोपाळू आहे. मला माहीत होतं ती दिवसभर काय म्हणत होती. मायला मी महिनाभर येऊ नका म्हणून सांगितलं होतं, रुळू द्या तिला — वसतिगृहांत सांगतात तसं. महिन्यानं भागरताबाई आल्या, दरेकशाहून पॅसेंजरनं, पिशवीत शिजवलेलं काहीतरी घेऊन. तोवर इमलानं डोळे उघडले होते. उघडले, पण ते आता कशालाच उत्तर देत नव्हते. वर नाही, मिटणं नाही. समोर बसलेल्या माणसाच्या पलीकडं कुठंतरी पाहायची. मायकडंही तसंच.

पुढं एकदा टोल्यावरची ती मीठवाली शेजारीण सोबत आली होती. तिनं मुद्दाम तोच प्रश्न विचारला, मिठाचा. काही नाही. पुन्हा विचारला. मग ती बाहेर ओट्यावर जाऊन रडत बसली. मी तिला चहा पाजला.

तपासण्या झाल्या. सर आले, त्यांनी स्वतः प्रयत्न केले. म्हणाले, कधी कधी असं मागे जाणं होतं, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही खूप मेहनत घेतली होती. मी मान हलवली. मग फाइलवर लिहिलं गेलं — माझ्याच अक्षरात आहे ते — 'प्रश्नांना प्रतिसाद नाही. आकलन होत असल्याचे दिसत नाही.' पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं लिहिताना मला ठाऊक होतं की ते खोटं आहे. तिला सगळं कळत होतं. उत्तर देऊन काय होतं, तेही तिला कळलं होतं.

आणि ऐका, याच्यावर कडी. विद्यापीठात दर वर्षी नवीन मुलांना मी एक व्याख्यान देते, संमती कशी घ्यावी यावर. त्यात मी इमलाची गोष्ट सांगते. सरळ प्रश्न, उलटा प्रश्न, मायनं धरलेलं डोकं, आणि चोवीस वर्षांच्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः घेतलेला निर्णय. मुलं वहीत लिहून घेतात. टाळ्या वाजतात. पहिल्या वर्षी मी खाली कागदात बघत बोलले होते. दुसऱ्या वर्षी कागद लागला नाही. माणूस किती लवकर निर्ढावतो हो! मला वाटायचं मी कोडगी नाही.

भागरताबाई मात्र यायच्या. जवळजवळ प्रत्येक रविवारी, गाडीनं दुपारी यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. इमलाची वेणी घालायच्या, नखं काढायच्या, तिला टोल्यावरचं सगळं सांगायच्या — कुणाची बकरी व्याली, मोहाफुलं किती आली, कोण कुणाशी भांडलं. उत्तराची वाट न बघता बोलत राहायच्या. आणि जायच्या आधी माझ्या टेबलाजवळ यायच्या. दर वेळी एकच विचारायच्या, हळू आवाजात, कुणी ऐकू नये असं.

"तिनंच हो म्हनलं होतं ना, मॅडम?"

मी म्हणायची, "हो, बाई. तिनंच."

त्या मान हलवायच्या आणि चपला घालायच्या. किती रविवार झाले असतील? मी मोजले नाहीत. दर रविवारी सकाळी मी विहारात शील घ्यायची आणि दुपारी ते मोडायची, इतका नेम होता. मला वाटतं त्यांना संशय होता. मला वाटतं त्या दर आठवड्याला मला एक संधी द्यायला यायच्या. किंवा नसेलही, त्यांना नुसता धीर हवा असेल. मला काय माहीत. मी कधी त्यांच्या डोळ्यांकडेही नीट पाहिलं नाही.

पाच महिन्यांपूर्वी त्या गेल्या. ताप आला, दोन दिवस घरीच काढले, तिसऱ्या दिवशी गेल्या. सकाळी निवासात फोन आला, मुलगा हैदराबादहून निघालाय, दुपारनंतर माती. ताई माझ्याकडं धावत आल्या. म्हणाल्या, मॅडम, इमलाला न्यायचं ना? गाडी सांगू का?

ही माझ्या कबुलीतली दुसरी गोष्ट. मला वाटतं पहिलीपेक्षा ही वाईट आहे. तुम्ही काय ते ठरवा, किंवा नका ठरवू.

मला त्या क्षणी टोला दिसला. अंगण भरलेलं. सगळ्या बाया तिथं असणार, रोवणी नाही काही नाही. इमलाची खुर्ची मध्ये ठेवणार, तिच्या समोर बसणार, आणि त्या बाया तिला विचारल्याशिवाय राहणार नाहीत — आता कुठं राहतेस, इमले? इथं राहतेस का? आणि इमला तिच्या घराच्या छपराखाली, चार वर्षांनी, कदाचित उत्तर देईल. सगळ्यांसमोर. त्या वाचतील. त्यांना येतं वाचता, मीच शिकवलंय.

ताईंना मी म्हटलं, "नको. एवढ्या लांब, घाट आहे, तिला त्रास होईल. आणि फाइल बघा ना — तिला काय कळणार आहे?"

तिला काय कळणार आहे. अठरा वर्षं मी ज्या वाक्याशी भांडले. गावोगावी, घरोघरी, शाळेत, सरकारी कचेऱ्यांत. सासवांशी भांडले, डॉक्टरांशी भांडले या वाक्यासाठी. ते वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघालं! ताईंनी माझ्याकडं जरा विचित्र पाहिलं आणि त्या गेल्या. माती झाली. मी गेले होते. टोल्यावरच्या बायांनी विचारलं, इमलाले काऊन नाही आनलं? मी म्हटलं तब्येत बरी नाही. मूठभर माती मीही टाकली.

त्यानंतरचा रविवार. दुपारी जेवण झालं की इमलाची खुर्ची व्हरांड्यात ठेवतात, तिथून फाटक दिसतं. मी रजिस्टर घेऊन बाहेर आले. तिची मान खुर्चीच्या आधारावर टेकलेली होती आणि डोळे फाटकावर. नुसते त्या दिशेला नाही — फाटकावर, कडीवर. मी उभी राहिले. थांबायची सवय आहे ना मला. पॅसेंजरची वेळ झाली. रिक्षा गेल्या, माणसं गेली. वेळ टळली. आणि मग तिनं डोळे वळवले आणि माझ्याकडं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा — माझ्या पलीकडं नाही, माझ्याकडं. मग फाटकाकडं. मग पुन्हा माझ्याकडं, आणि तिथंच थांबली.

उत्तरं द्यायचं तिनं सोडलं होतं. ती मला प्रश्न विचारत होती. असं तिनं यापूर्वी कधीच केलं नव्हतं. माझ्या धंद्यातल्या माणसाला आयुष्यात असं एकदा पाहायला मिळालं तर तो धावत जाऊन सरांना फोन करतो. आणि तिनं विचारलं तरी कुणाला? मलाच. दुसरं वाचणारं तिथं कुणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

मी म्हटलं, "गाडी लेट आहे, इमला."

ती परत फाटकाकडं बघायला लागली. ताई तिला अंधार पडताना आत न्यायला आल्या तेव्हा तिनं अंग ताठ केलं, आवाज काढला. ताई म्हणाल्या, आज काय झालंय हिला? मी म्हटलं, काही नाही, वारा लागला असेल. आणि त्या दिवसाच्या रकान्यात मी लिहिलं, प्रतिसाद नाही.

पुढच्या रविवारी तिनं पुन्हा विचारलं. मी सांगितलं, मायला बरं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी सांगितलं, धान कापणी आहे. मग भाऊ आलाय म्हणून घरी थांबली. आता मला कारणं सुचत नाहीत, तर मी रविवारी दुपारी व्हरांड्यात जात नाही. मागच्या दारानं येते, मागच्या दारानं जाते. खिडकीतून दिसते ती, फाटकाकडं तोंड करून बसलेली.

भागरताबाईंना जाऊन पाच महिने झाले. इमलाला अजून कुणी सांगितलेलं नाही.